आर्ट-डिझाईनच्या डिग्रीला जायचंय? फॉर्म भरायच्या आधी ही कामं उरका

आर्ट किंवा डिझाईनला जायचा विचार करणारं जवळपास प्रत्येक जण आधी "मला जमेल का?" असं विचारतं. खरं सांगायचं तर या प्रश्नाला फार अर्थ नाही, कारण तीन-चार वर्षं रोज तेच केलं की बऱ्यापैकी जमायला लागतंच. मी उलटं विचारते. असं कुठलं काम आहे जे बिघडलं, कंटाळा आला, कुणी नावं ठेवली तरी तुम्ही परत करायला बसता? ते सापडलं की अर्धी निवड झाली, कारण या डिग्र्यांमध्ये बहुतेक वेळ नवीन काही सुचण्यात जात नाही, आधी केलेलं मोडून परत करण्यात जातो. तर आता एकेक पायरी घेऊ.

पायरी १: आर्ट की डिझाईन, हे आधी करून बघा

ढोबळ फरक असा की आर्टमध्ये प्रश्नही तुमचा आणि उत्तरही तुमचं, डिझाईनमध्ये प्रश्न दुसऱ्या कुणाचा तरी असतो आणि उत्तर चाललं की नाही हेही तोच ठरवतो. क्लोद मोने हा फ्रेंच चित्रकार १८९२-९३ मध्ये रुआं शहरातल्या एका मोठ्या चर्चसमोर ठाण मांडून बसला आणि त्या एकाच दर्शनी भिंतीची तीसहून जास्त चित्रं त्याने केली, सकाळचं ऊन वेगळं, संध्याकाळचं वेगळं, धुक्यातलं वेगळं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचं काही अडलंही नव्हतं, त्यालाच ते सुटत नव्हतं. आता दुसरं टोक बघा. हॅरी बेक नावाचा ड्राफ्ट्समन (तांत्रिक आराखडे काढणारा) लंडनच्या भुयारी रेल्वेत काम करायचा, त्याने १९३१ मध्ये तिथला नकाशा नव्याने काढला. त्याचं म्हणणं साधं होतं की जमिनीखालून जाणाऱ्याला बोगदा कुठे वळतो याच्याशी काय घेणंदेणं, त्याला कुठे चढायचं, कुठे गाडी बदलायची आणि कुठे उतरायचं एवढंच हवंय. म्हणून त्याने खरी अंतरं सोडून दिली, सगळ्या रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशात ठेवल्या. वरच्यांनी आधी नकार दिला, मग १९३३ मध्ये छापला, लोकांनी उचलून धरला आणि पुढे कित्येक वर्षं बेक त्याच नकाशात दुरुस्त्या करत राहिला.

चिकाटी दोघांची सारखीच आहे, पण मोनेला बेकचं काम दिलं असतं तर तो आठवड्यात पळाला असता असं मला वाटतं.

अर्थात मधे भिंत नाहीये. १९८४ च्या मॅकिंटॉश कॉम्प्युटरचे आयकॉन काढणाऱ्या सुझन केअरकडे फाईन आर्टची डॉक्टरेट होती, कॉम्प्युटर ग्राफिक्सचा अनुभव शून्य. तिने चौकटींची वही घेतली, ३२ बाय ३२ घरं आखली, एक घर म्हणजे एक पिक्सेल (स्क्रीनवरचा एक ठिपका) असं धरून घरं भरत बसली. तेव्हा आज जे निवडाल त्यात जन्मभर अडकाल असं काही नाही, पण पहिली तीन-चार वर्षं कुठे घालवायची ते तरी ठरवायला लागेल ना.

त्यासाठी दोन कामं करून बघा, मधे आठ दिवस जाऊ द्या. पहिलं, घरातली एकच वस्तू घ्या, साधी खुर्ची, किल्ल्यांचा जुडगा, पांघरुणाचा चोळामोळा, काहीही, आणि तिच्यावर वीस चित्रं करा, पेन्सिल, शाई, रंग, कागद फाडून, फोटो काढून, कसंही. दुसरं, असा एखादा फॉर्म किंवा सूचनाफलक शोधा जिथे लोक हमखास गोंधळतात, कुणाला तरी तो वापरताना गप्प बसून बघा (मदत करायची नाही, हे फार अवघड जातं), मग तो नव्याने करा, तीन वेगळ्या माणसांना द्या, ते कुठे अडले ते लिहा आणि परत करा. बाराव्या-तेराव्या चित्राला मजा यायला लागली तर आर्टकडे बघा. माणूस अडला आणि तुम्हाला राग न येता "अच्छा, इथे अडतोय होय" असं वाटलं तर डिझाईनकडे. दोन्हीकडे जीव रमला तर उत्तमच, दोन्हीकडे जांभया आल्या तर मात्र शांतपणे बसून विचार करा, कारण चित्रकलेचा तास आवडणं आणि ही डिग्री आवडणं यात बरंच अंतर आहे.

पायरी २: शाखा

यात फार वेळ घालवू नका. पेंटिंग, शिल्प, प्रिंटमेकिंग, सिरॅमिक, टेक्स्टाईल, ग्राफिक, प्रॉडक्ट, फॅशन, इंटिरियर, ॲनिमेशन, गेम, यूएक्स (ॲप-वेबसाईट वापरायला सोपी करणं), यादी लांबलचक आहे आणि कॉलेजागणिक नावं बदलतात. ठरत नसेल तर पहिलं वर्ष सगळ्यांना कॉमन असलेला कोर्स बघा, त्याला फाउंडेशन म्हणतात. ही पद्धत रुळली ती जर्मनीतल्या बाऊहाऊसमुळे. वॉल्टर ग्रोपियसने १९१९ मध्ये ती शाळा काढली आणि योहानेस इटेनने तिथे सुरुवातीचा कोर्स आखला, ज्यात मुलांना आधी लाकूड, काच, कापड, कागद असं नुसतं हाताळायला लावायचे, रंग आणि पोत यांचे विरोध शोधायला लावायचे आणि मगच कुठली तरी कार्यशाळा धरायला द्यायचे. शाळा १९३३ मध्ये बंद पडली पण तो पहिल्या वर्षाचा साचा जगभर उरला. फायदा काय, तर ग्राफिकला म्हणून आलेली मुलगी मातीत हात घातल्यावर सिरॅमिकला जाते, असं दरवर्षी कुठे ना कुठे होतं.

एक वेगळं सांगते, आर्किटेक्चरला डिझाईनच्या ढिगात टाकू नका. बहुतेक देशांत तिथे लायसन्स लागतं, कोर्स लांब असतो, नियम वेगळे असतात. तादाओ आंदो या जपानी आर्किटेक्टने कॉलेजात आर्किटेक्चर शिकलेलंच नाही, आधी बॉक्सिंग करायचा आणि १९९५ मध्ये त्याला आर्किटेक्चरमधला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला, ही गोष्ट खरी आहे आणि सगळे ती ऐकवतात, पण तो अपवाद आहे, त्याच्यावर आपला प्लॅन बेतू नये.

पायरी ३: कॉलेज कसं तपासायचं

ब्रोशर बाजूला ठेवा. ब्रोशरमध्ये टॉपरचं काम असतं आणि टॉपर कुठेही गेला असता तरी टॉपरच झाला असता. तुम्ही शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन बघा, जाता येत नसेल तर ऑनलाईन बघा, आणि तिथे सगळ्यात भारी काम न बघता मधलं काम बघा. म्हणजे जे बरंय, ठीक आहे, असं वाटतं ते. कॉलेज नक्की काय शिकवतं ते त्या मधल्या कामात दिसतं. दुसरं म्हणजे सगळ्यांची कामं एकसारखी दिसतायत का? तेच रंग, तीच मांडणी, तोच फॉन्ट? तसं असेल तर समजा की तिथे एखाद्या मास्तरांची आवड चालते आणि मुलं मार्कांसाठी तिच्यामागे धावतात. मला विचाराल तर मी अशा ठिकाणापासून लांब राहीन, मग नाव कितीही मोठं असो.

मग सेकंड इयरच्या मुलांना गाठा. फर्स्ट इयरवाले अजून हवेत असतात आणि फायनलवाले थकलेले असतात, सेकंड इयरवाले खरं बोलतात. त्यांना "कॉलेज कसंय" असं विचारलं तर "छान आहे" एवढंच ऐकायला मिळेल, म्हणून नेमकं विचारा. वर्कशॉप संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं? मशीन चालवायला शिकवणारा माणूस रोज असतो का? आठवड्यातले किती तास स्टुडिओत आणि किती लेक्चरला जातात? एका शिक्षकामागे किती मुलं? गेल्या टर्मला मटेरियल आणि प्रिंटवर स्वतःच्या खिशातून किती गेले? हा शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण फीच्या आकड्यात हे कधीच नसतं आणि मॉडेल, कॅनव्हास, कापड, मोठे प्रिंट, बाइंडिंग असं करत करत तो खर्च चांगलाच वाढतो. प्लेसमेंटचा आकडा सांगितला तर शांतपणे दोन गोष्टी विचारायच्या, एकूण किती जणांपैकी आणि कुठल्या कामावर. डिझाईन शिकून दुसऱ्याच कुठल्या तरी कामाला लागलेला मुलगाही त्या आकड्यात धरलेला असू शकतो.

डिग्रीला मान्यता आहे का हे मात्र ब्रोशरवरून किंवा सीनियरच्या सांगण्यावरून धरून चालू नका, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः बघा. पुढे मास्टर्सला किंवा परदेशात जायचं ठरलं की तिथे अडायला होतं.

पायरी ४: रोज ड्रॉइंग

डिझाईनला ड्रॉइंग लागत नाही असं कुणी सांगत असेल तर ते अर्धंच खरं आहे. सुंदर ड्रॉइंग लागत नाही, पण डोक्यातली गोष्ट समोरच्याला अर्ध्या मिनिटात कागदावर दाखवता यायला हवी. त्यासाठी महागड्या सामानाची गरज नाही, एक एचबी, एक टूबी, एक सिक्सबी पेन्सिल, साध्या कागदाची वही, झालं.

एकच गोष्ट पाळा, समोर असलेली वस्तू काढा, फोटोवरून काढू नका, निदान पहिले काही महिने तरी. फोटोने समोरची खोल-उथळ वस्तू सपाट करायचं काम आधीच करून ठेवलेलं असतं आणि नेमकं तेच तुम्हाला शिकायचंय. रोज सुरुवातीला तीस सेकंदांची, एक मिनिटाची अशी भराभर चित्रं काढा, बसस्टॉपवरची माणसं, झोपलेलं मांजर, कुणीही, नाक-डोळ्यात न शिरता नुसता कल आणि वजन कुठे पडलंय ते पकडायचं. मग एखादं निवांत, अर्धा-पाऊण तास घालवून. खुर्ची काढताना खुर्ची न काढता तिच्या पायांमधल्या रिकाम्या जागांचे आकार काढून बघा, खुर्ची आपोआप बरोबर येते आणि पहिल्यांदा आली की जाम भारी वाटतं. वहीची पानं फाडायची नाहीत. वाईट पान पण राहू द्या, पुढे पोर्टफोलिओत, म्हणजे कॉलेजला दाखवायच्या तुमच्या निवडक कामांच्या संचात, ही वहीच कामाला येते.

सॉफ्टवेअरचं विचाराल तर आत्ता पैसे घालवू नका. क्रिटा, इंकस्केप, ब्लेंडर फुकट आहेत आणि शिकायला भरपूर आहेत. कॉलेजात जे लागेल ते तेव्हा बघता येतं, विद्यार्थ्यांना सवलतही असते बऱ्याचदा.

पायरी ५: पोर्टफोलिओ

इथे जास्त वेळ द्या, निदान सहा महिने हातात ठेवा.

किती कामं टाकायची ते प्रत्येक कॉलेज सांगतं, बऱ्याच ठिकाणी १० ते २० च्या आसपास. सांगितलेल्या आकड्याच्या वर एकही टाकू नका आणि आकडा गाठायचा म्हणून भरतीचं काही टाकू नका, कारण बघणारा माणूस तुम्हाला तुमच्या सगळ्यात कच्च्या कामावरून आठवणीत ठेवतो. पंधरा चांगली आणि पाच बरी यापेक्षा नुसती पंधरा केव्हाही बरी (कमीत कमीची अट सांभाळून). क्रम लावताना सगळ्यात दमदार काम पहिलं, त्याच्या खालोखालचं शेवटी. बघणाऱ्यांसमोर दिवसभरात ढीगभर पोर्टफोलिओ असतात, त्यांचं लक्ष पहिल्या दोन-तीन पानांवरच ठरतं.

आता टाकायचं काय. सेलिब्रिटीचं फोटोवरून हुबेहूब काढलेलं पोर्ट्रेट, ॲनिमेतली पात्रं, नेटवरून बघून केलेली मंडलाची गोल नक्षी, हे सगळ्यांकडे असतं. हात चांगला आहे एवढंच त्यातून कळतं, पण तुम्ही बघता काय आणि विचार कसा करता ते कळत नाही. फॅनआर्ट आवडत असेल तर एखादंच ठेवा, तेही तुमचं स्वतःचं काही तरी त्यात असेल तरच.

एक उदाहरण घेऊ. समजा घरात कुणाचा हात थरथरतो आणि गोळ्यांचा डबा उघडता येत नाही, म्हणून तुम्ही नवीन डबा केला. बरेच जण काय करतात, तर शेवटी कॉम्प्युटरवर गुळगुळीत थ्रीडी डबा करतात, मागे ग्रे बॅकग्राउंड, खाली सावली, आणि एवढंच एक पान टाकतात. आता हेच असं बघा. पहिल्या पानावर जुन्या डब्याशी झटणाऱ्या बोटांचा फोटो, नख कुठे घसरतंय तिथे लाल गोल. दुसऱ्यावर पंधरा-वीस छोटी स्केचेस, त्यातली तीन निवडलेली. तिसऱ्यावर पुठ्ठ्याचं मॉडेल, चिकटपट्टी दिसतेय तशी दिसू द्या, आणि खाली एक ओळ, "झाकण उघडलं पण धक्क्याने गोळ्या सांडल्या." चौथ्यावर बदललेलं मॉडेल, झाकण वर उचलायच्या ऐवजी बाजूला सरकतंय. पाचव्यावर तोच हात, तोच डबा, गोळी हातात. या पोराला थ्रीडी येत नसेल तरी त्याला बोलावतील, कारण सॉफ्टवेअर शिकवता येतं, पण सांडलेली गोळी बघून झाकणाची दिशा बदलायची बुद्धी शिकवायला फार वेळ लागतो.

आर्टवाल्यांनी पण वहीची दोन-चार पानं जरूर टाका, जिथे एकाच गोष्टीभोवती तुम्ही घुटमळलेले दिसता.

एआयने केलेल्या चित्रांबद्दल प्रत्येक कॉलेजचे नियम वेगळे आहेत, ते वाचा. वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी ते लिहा. न सांगता खपवायला जाल तर मुलाखतीत "हे कसं केलंस, आधीची स्केचेस दाखव" एवढ्या एका प्रश्नात पितळ उघडं पडतं.

फोटो काढताना बहुतेकांची माती होते. काम चांगलं आणि फोटो पिवळट, वाकडा, वर मोबाईलची सावली. खिडकीजवळ, पण थेट ऊन येणार नाही अशा जागी काम ठेवा, ट्यूबलाईट आणि बल्ब बंद करा, नाहीतर दोन रंगांचा उजेड मिसळून कागद एका बाजूने निळा आणि एका बाजूने पिवळा येतो. फ्लॅश नको. लेन्स पुसा (हसू नका, पुसत नाही कुणी), कॅमेऱ्यात ग्रिड लावा, मोबाईल कागदाला समांतर धरा, जरा लांब उभे राहून थोडं झूम करा म्हणजे कडा फुगत नाहीत. मॉडेलचा फोटो असेल तर मागे साधा पांढरा किंवा राखाडी कागद, आणि एकात तरी हात येऊ द्या म्हणजे आकार कळतो. छापायचं असेल तर ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) धरा, ए-४ पानाला ते २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात, व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे गेलेली इमेज तिथे फुटणार. अपलोड करायचं असेल तर फाईल साईजची मर्यादा बघून पीडीएफ करा आणि फाईलला तुमचं नाव द्या, "फायनल-फायनल-नवीन-३" नको.

कॅप्शन छोटं. नाव, माध्यम, आकार, वर्ष, आणि गरज असेल तर दोन ओळी. "या चित्रातून मी मानवी मनाच्या गूढ भावना..." वगैरे लिहू नका, वाचत नाही कुणी.

पायरी ६: परीक्षा आणि मुलाखत

लेखी किंवा ड्रॉइंगची परीक्षा असेल तर जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. एकाच प्रश्नावर सगळा जीव ओतून बाकीचे कोरे सोडणारे हुशार लोक दरवर्षी बाहेर राहतात.

मुलाखतीत तुमच्या एखाद्या कामाकडे बोट दाखवून "हे परत केलंस तर काय बदलशील?" असं विचारायची बरीच शक्यता असते. "काही नाही" हे उत्तर वाईट, "सगळंच" हेही वाईट. प्रत्येक कामात नेमकी एक गोष्ट आधीच शोधून ठेवा, "अक्षरं लांबून वाचता येत नाहीत, जाडी वाढवेन" अशी. शिवाय कुणाचं काम आवडतं हे विचारलं तर पाठ केलेलं मोठं नाव घेऊ नका, जे खरंच बघितलंय तेच सांगा, मग ते एखाद्या बाटलीचं झाकण का असेना, फक्त का आवडलं ते दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे.

पायरी ७: घरी बोलणं

"पोटापाण्याचं काय?" हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे, त्यात त्यांच्यावर चिडायचं कारण नाही. पॅशन वगैरे बोलू नका. कागदावर मांडा, फी किती, मटेरियल किती, स्कॉलरशिप कुठल्या आणि त्यांच्या तारखा काय, या कोर्समधून गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेली मुलं आत्ता नक्की काय करतायत (त्यांची प्रोफाईल नेटवर सापडतात, मेसेज केला तर बरेच जण उत्तर देतात). फाईन आर्टला जाणार असाल तर हेही खरं सांगा की पहिली काही वर्षं शिकवणं, इलस्ट्रेशन, फ्रीलान्स असं जोडीला काही तरी करावं लागेल. डोक्यावर मोठं कर्ज होणार असेल तर जरा कमी नावाजलेलं पण परवडणारं कॉलेज घ्यावं या मताची मी आहे, बाकीचे वेगळं सांगतील.

पायरी ८: ॲडमिशन झाल्यावर

भारीतला लॅपटॉप लगेच घेऊ नका. कुठल्या शाखेला काय लागतं ते सीनियरना विचारून मग घ्या, ॲनिमेशनवाल्याची गरज आणि प्रिंटमेकिंगवाल्याची गरज यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. टर्पेंटाईन (तैलरंग पातळ करायचं द्रव्य) आणि फिक्सेटिव्हचा (ड्रॉइंग पुसू नये म्हणून मारायचा) स्प्रे बंद खोलीत वापरू नका, हॉस्टेलच्या रूमवर तर अजिबात नाही.

आणि क्रिटची तयारी ठेवा. क्रिट म्हणजे सगळ्यांनी आपापलं काम भिंतीवर लावायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, तुमच्या समोर. पहिल्या वेळी कान गरम होतात आणि निम्मं ऐकूच येत नाही, त्यामुळे एका मित्राशी किंवा मैत्रिणीशी आधीच ठरवून टाका, तुझ्या वेळी मी लिहीन, माझ्या वेळी तू लिही. रात्री रूमवर येऊन ते कागद वाचायचे, त्यातलं "आवडलं", "नाही आवडलं" खोडून टाकायचं आणि "इथे कळलं नाही", "हे आधी दिसलं" असं जे उरतं त्यावर दुसऱ्या दिवशी काम करायचं.